पालीला चावून खाता येत नाही

पहिला पाऊस पडला की नाशकातल्या घराघरांत ट्यूबलाइटभोवती पाखरं जमतात आणि पाठोपाठ पाल येते. पाखरू तोंडात आलं की ती ते दोन-चारदा दाबते, झटकते आणि सरळ गिळते. चावून खाणं तिच्या नशिबात नाही. मिसळीवरची शेव खाताना बोट कानशिलावर ठेवा, मग गालाच्या मागच्या कोपऱ्यावर. दोन वेगळे स्नायू फुगताना लागतील. त्यातला गालावरचा मॅसेटर पालीला नाहीच. तिचा जबडा उघडतो आणि मिटतो, आडवा फिरत नाही.

त्याऐवजी तिच्या जबड्यामागे, मानेशी, फुगीर दिसतो तो टेरिगॉइड स्नायू. टाळूकडच्या हाडावरून निघून तो खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला खालून वळसा घालतो. मगरीत तर त्याने कमालच केली आहे: 2012 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत साडेचार मीटरच्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा चावा 16,000 न्यूटनांहून जास्त भरला. तोंड उघडणारा स्नायू मात्र किरकोळ. म्हणूनच मगर पकडणारे तिचं तोंड चिकटपट्टीने बांधतात आणि ते भागतं.

विच्छेदनात खरी पंचाईत होते ती जबडा मिटणाऱ्या स्नायूंच्या बाहेरच्या थरांची. तंतू एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकाच स्नायूचे दोन मोजले जातात. तिथे मेंदूतून जबड्याकडे येणाऱ्या पाचव्या मेंदूतंतूच्या फांद्या शोधाव्यात. स्नायू त्यांच्या बाहेर, आत की मागे, यावरून गट ठरतो. आकारावर विसंबू नये.

मगरीसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कवटीला कानशिलावर असतात ती भोकं स्नायूंना फुगायला जागा हवी म्हणून पडली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. सुरुवातीची भोकं त्या मानाने फारच लहान होती. भोकाच्या काठाला स्नायूची पकड सपाट हाडापेक्षा घट्ट बसते, हे कारण जास्त सयुक्तिक वाटतं. कासवाला अशी भोकं नाहीत. त्याच्या कवटीला मागून खाच पडली आहे, आणि आपल्याकडच्या कासवांत जबडा मिटणारा मुख्य स्नायू कानाच्या हाडाच्या उंचवट्यावरून कप्पीवरच्या दोरासारखा वळतो.

द्राक्षबागेत उंदरांमागे फिरणाऱ्या धामणीकडे तर भोकांच्या कडेच्या कमानीही उरलेल्या नाहीत. लोक म्हणतात साप जबडा निखळवतो. काहीही निखळत नाही. कवटी आणि खालचा जबडा यांना जोडणारं क्वाड्रेट हे लांब हाड वरच्या टोकाशी मोकळं हलतं, खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी ताणल्या जाणाऱ्या पेशीजालाने जोडलेले असतात आणि डावी-उजवी बाजू आळीपाळीने भक्ष्यावर पुढे सरकते. हेच क्वाड्रेट आपल्या कानात ऐरण नावाचं छोटं हाड होऊन बसलं आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ राइखर्टने हे 1837 मध्येच दाखवलं होतं.

नाग आणि घोणस यांची विषाची ग्रंथी दाबतो तोही मुळात जबडा मिटणारा बाहेरचा स्नायूच. फक्त नागात त्याचा वरचा थर या कामाला लागला आणि घोणशीत खोलवरचा.