लॉग ७: स्टटरचा चोर सापडला, घरचाच निघाला

मागच्या लॉगच्या शेवटी मी ठणकावून लिहिलं होतं की आता आणखी १६ जीबी रॅम टाकतो आणि विषय संपवतो. रॅम घेतली नाही. इथल्या इंदूरच्या सिल्व्हर मॉलपर्यंत जाऊन, भाव विचारून, कोपऱ्यावर पोहे खाऊन परत आलो. आणि गेम मधेमधे अडखळण्याच्या ज्या स्टटरने तीन आठवडे डोकं खाल्लं, तो काल रात्री पावणेदोनला गेला. कारण सांगायची लाज वाटते आहे, पण लॉग लिहायचा म्हणजे खरं लिहायचं.

मशीन तेच: इंटेलचा १०४००एफ प्रोसेसर, बी४६० बोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. रॅम २६६६ च्या वेगावरच आहे, कारण या प्रोसेसर-बोर्डाच्या जोडीला त्याच्यापुढे जाताच येत नाही. तेव्हा रॅमचा वेग वाढवायला "एक्सएमपी लाव की" म्हणणाऱ्यांनी यावेळी तरी हात आवरावा.

आजार असा होता. सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये डस्ट २ च्या बेंचमार्क मॅपवर सरासरी १८७ एफपीएस, म्हणजे सेकंदाला १८७ फ्रेम, ऐकायला झकास. पण १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा वेग, ५८! १४४ हर्ट्झवर एका फ्रेमच्या वाट्याला ६.९४ मिलिसेकंद येतात, आणि फ्रेमला लागणाऱ्या वेळेच्या माझ्या ग्राफवर दर चार-पाच सेकंदांनी २०-२५ मिलिसेकंदांचे सुळके. स्मोक फुटला आणि त्याच क्षणी कोपऱ्यावर कोणी डोकावलं, की माझ्या नशिबी थेट मरण.

नेहमीचे उपाय झाले होतेच. पॉवर प्लॅन अल्टिमेटवर, गेम मोड चालू, एचएजीएस (ग्राफिक्स कार्डालाच आपली कामं लावू देणारं सेटिंग) चालू करून बघितलं, बंद करून बघितलं. मेमरी इंटेग्रिटी (विंडोजची सुरक्षा-सोय) बंद केल्यावर सरासरीत दोन-चार फ्रेम वाढल्या, सुळके जागच्या जागी. ती परत चालू करून टाकली. मग उन्हावर संशय. खोलीत दुपारी ४१ अंश, म्हटलं सीपीयू तापत असेल. कॅबिनेट उघडलं. शहर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, आणि माझ्या फिल्टरवर पावशेर धूळ! ब्लोअर मारला, तापमान ९ अंशांनी उतरलं. समाधान वाटलं, पण सुळके तसेच.

दोघा-तिघांनी एफटीपीएमकडे, म्हणजे प्रोसेसरच्या फर्मवेअरमधल्या सुरक्षा-सोयीकडे, बोट दाखवलं होतं. तिच्यामुळे अडखळण्याची भानगड एएमडीच्या रायझनवाल्यांची. एएमडीने २०२२ च्या मार्चमध्ये ती मान्य केली आणि मेपासून नव्या बायोसमधून इलाज दिला. माझ्याकडे इंटेल. आणि टीपीएम बंद करून विंडोज ११ वर व्हॅलोरंट लावलं तर व्हॅन ९००१ ही एरर झळकते, तेव्हा तो प्रयोग कोणी करूही नका.

ड्रायव्हरचा विलंब मोजणारं लेटन्सीमॉन दोन तास चालवलं. सगळं हिरवं. या टूलबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे: ड्रायव्हर वात्रटपणा करत असेल तर ते नेमकं पकडतं, पण त्याने हिरवं दाखवलं म्हणजे मशीन ठणठणीत, असं मुळीच नाही. मी त्या हिरव्या पट्टीवर विसंबून एक अख्खा आठवडा घालवला.

धागा हाती लागला तो फ्रेम मोजणाऱ्या कॅपफ्रेमएक्समुळे. एका रात्री चुकून त्याचा ओव्हरले (गेमवर दिसणारे आकडे) बंद राहिला, आणि १ टक्का लो ५८ वरून ६७. पुन्हा चालू केला, पुन्हा खाली. तीन-तीन रन घेतले, तेच. ओव्हरलेने थोडा भार पडणार हे मान्य, पण इतका? ग्वाल्हेरला माझा आतेभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला फोन लावला. तो जेवत होता. घास चावत म्हणाला, "अरे, ओव्हरले करतो काय? सारखी वेळ मोजतो. तुझं घड्याळ तपास. पॉवरशेल उघड आणि स्टॉपवॉच क्लासची फ्रीक्वेन्सी विचार."

विचारली. उत्तर आलं २४००००००.

पलीकडे चावणं थांबलं. "मेल्या, एचपीईटी कोणी लादलंय तुझ्यावर?"

आताच्या विंडोजवर हा आकडा १००००००० यायला हवा, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. वेळेसाठी विंडोज सीपीयूच्या आतलाच टीएससी काउंटर वापरतं आणि तो आकडा गोल करून दाखवतं. २४ मेगाहर्ट्झ हा मात्र माझ्या बोर्डावरच्या एचपीईटीचा, म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या वेगळ्या टायमरचा, आकडा.

आता फरक काय पडतो? टीएससी म्हणजे मनगटावरचं घड्याळ, नजर टाकली की झालं. एचपीईटी बसलंय चिपसेटमध्ये. त्याला वेळ विचारायची म्हणजे दर वेळी घराबाहेर पडून गांधी हॉलच्या टॉवरवर काटे बघून यायचं. एखाद्या वेळी चालेल. पण गेम, ड्रायव्हर, ओव्हरले हे सगळे एकेका फ्रेममध्ये कितीतरी वेळा वेळ विचारतात, मग टॉवरखाली रांग लागते. २०१८ च्या एप्रिलमध्ये आनंदटेकच्या दुसऱ्या पिढीच्या रायझनच्या चाचण्या याच कारणाने गडबडल्या होत्या, आणि त्यात जास्त मार इंटेलच्या चिप्सनी खाल्ला होता. हे मी तेव्हा वाचलंही होतं!

ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिटची, म्हणजे विंडोजच्या बूट सेटिंगची, यादी काढली. शेवटून तिसरी ओळ: यूजप्लॅटफॉर्मक्लॉक, येस, म्हणजे एचपीईटीच वापर. कोणी लिहिली? मीच. दिवाळीत "एका क्लिकमध्ये एफपीएस डबल" छापाची एक बॅच फाइल चालवली होती आणि लॉग २ मध्ये तिचं तोंडभरून कौतुकही केलं होतं. तेव्हा मोजलं होतं सायबरपंक, तेही सगळी सेटिंग चढवून. तिथे ३०६० च धापा टाकत असते, सीपीयूच्या घड्याळाला कोण विचारतो? शिवाय मी फक्त सरासरी बघितली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

डिलीटव्हॅल्यू देऊन ओळ उडवली, पीसी बंद केला, समाधानाने झोपलो. सकाळी चालू करून बघतो तर पुन्हा २४००००००. इथे मी खरंच कीबोर्ड आपटणार होतो. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय मोडलं?"

मोडलं काहीच नव्हतं. फास्ट स्टार्टअप चालू असताना "शट डाउन" म्हणजे पुरतं बंद नसतंच. कर्नल हायबरनेट होतं आणि सकाळी तेच शिळं कर्नल परत वाढलं जातं. पूर्ण नवा बूट हवा तर "रीस्टार्ट". पण हे ध्यानात यायला पुन्हा रात्र उजाडावी लागली. रीस्टार्ट केलं. १०००००००.

लागलीच तीन रन. सरासरी २३१, १ टक्का लो १२१. ग्राफ असा सपाट, की मी त्याचा फोटो काढून आतेभावाला पाठवला. त्याने उत्तरात फक्त जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवला.

ज्यांना आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एचपीईटी डिसेबल करायची खाज सुटली असेल त्यांना सांगतो, तिथे हात लावू नका, बायोसमध्येही नको. ते राहू दे. फक्त विंडोजवर लादू नका, योग्य घड्याळ ते स्वतः निवडतं.

इथवर लिहिलं आणि डोक्यात किडा वळवळला: त्या फाइलने आणखी काय काय केलंय? लिखाण सोडून ती उघडली. चाळीसेक ओळी. नेटवर्क थ्रॉटलिंगचा इंडेक्स, सिसमेन बंद, डायनॅमिक टिक बंद, आणि पेजफाइल (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा) शून्य! डायनॅमिक टिक पूर्ववत करून मोजलं, फरक रन-टू-रनच्या आतलाच. पण पेजफाइल बघून लॉग ५ आठवला. सायबरपंक दीड तासाने न सांगता डेस्कटॉपवर पडायचं आणि मी ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या घातल्या होत्या. १६ जीबी रॅम आणि पेजफाइल नाही, म्हणजे कमिट लिमिट (प्रोग्रॅमना मिळून मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा) रॅमपुरतीच. ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवून गेम लावला की भिंत आलीच. पेजफाइल "सिस्टिम मॅनेज्ड" करून आताच अडीच तास खेळलो, पडलं नाही. एवढ्यावर निकाल देत नाही, पण रॅमचा बेत सध्या गुंडाळला. विंडोज नव्याने टाकायचाही बेत होता, तोही थांबवतो. आधी त्या चाळीस ओळी एकेक करून उलटवणार, दर ओळीमागे तीन रन. सगळं एकदम पुसलं तर कोणत्या ओळीने काय केलं ते कधीच कळणार नाही.

एक सुळका अजून उरला आहे. साधारण मिनिटाला एक, १३-१४ मिलिसेकंदांचा, अगदी वक्तशीर. संशय पंख्यांच्या रंगीत दिव्यांच्या सॉफ्टवेअरवर. ते सेन्सर सारखे चाचपत असतं. आज रात्री ते उडवून बघतो. भाचा सुट्टीला आलाय आणि त्याला या पीसीत फक्त ते दिवेच आवडतात, त्यामुळे तो झोपल्यावर.