तुम्ही विचारलंत म्हणून: वादळ टेक्ससात, मग पेट्रोल डोंबिवलीत का महाग?

"वहिनी, वादळ तुमच्याकडे येतं, मग पेट्रोल आमच्याकडे का महाग होतं?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला नणंदेच्या यजमानांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, फोनवर. मुंबईत पेट्रोल ऐंशी रुपयांच्या उंबरठ्यावर आलं होतं आणि तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी अमेरिकेतल्या वादळांकडे बोट दाखवलं होतं. मी टेक्ससात राहते, रिफायनऱ्यांमध्ये टाक्या आणि पाइप तपासायचं काम करते. म्हणजे घरच्यांच्या हिशेबी गुन्हेगार सापडलाच होता. तेव्हापासून दरवर्षी कुठलं ना कुठलं वादळ येतं आणि प्रश्न फिरून येतो. कधी नवऱ्याच्या साडूंकडून, कधी शाळेच्या ग्रुपवर. फोनवर मी दोन वाक्यांत उरकते. आज जरा सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट. वादळ आल्यावर पेट्रोल संपतं हे अर्धंच खरं, कारण ते वादळ यायच्या आधीही संपतं, आणि ते संपवतात माणसं. मी टेक्ससातल्या बोमाँटला शिकायला आले आणि वर्षभरात, सप्टेंबर २००५ मध्ये, रीटा नावाचं वादळ आलं. तीन आठवड्यांपूर्वीच कॅटरिनाने न्यू ऑर्लीन्स बुडवलेलं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, त्यामुळे एकट्या ह्यूस्टनच्या परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास लोक एकाच वेळी रस्त्यावर आले. आम्ही चार मुली एका जुन्या कोरोलात. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद, खिडक्या उघड्या, एकीच्या मांडीवर कुकर, कारण तो तिने सांगलीहून आणला होता आणि सोडवत नव्हता. शंभर मैलांना चौदा तास लागले. वाटेत दुतर्फा टाकी कोरडी पडलेल्या गाड्या. प्रत्येक पंपावरच्या नळ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. पिशवी बांधली की समजायचं, संपलं. त्या पळापळीत शंभरावर माणसं गेली, वादळ किनाऱ्याला लागायच्या आधीच. तेव्हापासून इथल्या माणसाला वादळाचं नाव ऐकलं की आधी टाकी भरायची सवय लागली आहे. मलाही.

आता हार्वी वादळ. २५ ऑगस्ट २०१७. त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. सकाळी घरी दीड दिवसाचा गणपती बसवला, नैवेद्य दाखवला आणि बॅग घेऊन प्लांटवर गेले. वादळात रिफायनरी अगदीच सोडून देता येत नाही. मोजकी माणसं आत राहतात, त्यांना 'राइड-आउट क्रू' म्हणतात. कंट्रोल रूममागच्या खोलीत खाटा, डबाबंद अन्न, भरपूर कॉफी. रात्री रॉकपोर्टजवळ चौथ्या श्रेणीचं वादळ किनाऱ्याला लागलं. ते आमच्यापासून दूर होतं, म्हणून जरा हायसं वाटलं. पण हार्वी पुढे सरकलंच नाही. ह्यूस्टनवर बसून राहिलं, परत समुद्रात गेलं, आणि २९ तारखेला आमच्यावर आलं.

कोकणातल्या केळशीच्या मुलीला पावसाचं कौतुक सांगू नये. पण त्या एका दिवसात पोर्ट आर्थरच्या भागात सव्वीस इंच पडला, म्हणजे साडेसहाशे मिलिमीटरच्या वर. शेजारच्या नीदरलँड गावी त्या वादळात एकूण ६०.५८ इंच मोजला गेला. अमेरिकेच्या भूमीवर तोवर कुठल्याच वादळाने इतका पाऊस पाडला नव्हता.

पेट्रोलच्या मोठ्या टाक्यांना आपल्याला वाटतं तसं पक्कं छप्पर नसतं. दुधाच्या पातेल्यात ताटली तरंगत ठेवावी तसं लोखंडी छप्पर तेलावरच तरंगत असतं. तेल वाढलं की ते वर, कमी झालं की खाली. मध्ये हवेला जागा राहत नाही, म्हणून वाफ होत नाही. या छपरावर पडलेलं पाणी तेलातूनच गेलेल्या एका नळीने खाली उतरतं आणि टाकीच्या पायथ्याशी बाहेर पडतं. तिथला व्हॉल्व्ह एरवी बंद ठेवतात, कारण नळी कुठे फुटली तर पाण्याऐवजी तेल बाहेर येईल. पाऊस आला की कोणीतरी जाऊन तो उघडायचा आणि लक्ष ठेवायचं. हे सगळं चोवीस तासांत दहा इंच पाऊस धरून बेतलेलं. सव्वीस इंचात काय होणार? टाकीभोवतीचा बांध काठोकाठ भरला होता, पाणी बाहेर पडायला जागाच नव्हती. पहाटे तीनला आम्ही दोघं विजेऱ्या घेऊन जिन्यावर उभे होतो. समोर छपरावर तळं, आणि ते तळं एका बाजूला सरकायला लागलं. छप्पर कलत होतं. मग कडेने पेट्रोलचा वास आला. मी वायरलेसवर काय बोलले ते आता आठवत नाही, माझ्याबरोबरचा माणूस सांगतो की मराठीत बोललीस. त्या आठवड्यात टेक्ससच्या किनाऱ्यावर अशी बरीच छपरं बुडाली.

दुसऱ्या दिवशी पोर्ट आर्थरची मोटिव्हा बंद झाली. रोज सहा लाख पिंपं गाळणारी, देशातली सर्वांत मोठी रिफायनरी. आणि त्यानंतर बोमाँट शहराचं नळाचं पाणी गेलं, कारण नेचेस नदीने पंपच बुडवले. चौफेर पाणी आणि प्यायला थेंब नाही. घरच्या गणपतीचं विसर्जन नवऱ्याने आधीच बादलीत उरकलं होतं, ते बरं झालं.

आता भाऊजी, तुमचा प्रश्न. कॅटरिनाच्या काळात लोक समुद्रातल्या विहिरींची काळजी करायचे. पण आता अमेरिकेचं बरंचसं तेल पश्चिम टेक्ससातून, जमिनीखालच्या खडकातून येतं. मेक्सिकोच्या आखातातल्या विहिरींचा वाटा आता १५ टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र कच्चं तेल गाळायचे कारखाने अजून त्याच किनाऱ्याला आहेत, देशाच्या क्षमतेतले जवळजवळ निम्मे. म्हणून हार्वीत एक गंमत झाली. पेट्रोल महागलं आणि कच्चं तेल उलट थोडं स्वस्त झालं, कारण ते विकत घेणारे कारखानेच बंद! चक्कीच बंद पडली तर गव्हाला कोण विचारतो, आणि पिठाला मात्र रांग लागते.

ही चक्की बटण दाबून सुरूही होत नाही. सगळं तापमान, सगळे दाब हळूहळू चढवावे लागतात. घाई केली तर तडे जातात. वीज हवी, वाफ हवी, बंदरात जहाज यायला वाट हवी, आणि ज्यांचं स्वतःचं घर पाण्यात आहे ती माणसं कामावर हवीत. ह्यूस्टनहून न्यू जर्सीपर्यंत जाणारी कोलोनियल पाइपलाइन आहे, साडेपाच हजार मैलांची. तिच्यात घालायलाच काही नव्हतं, तिचा टेक्ससातला भाग थांबला. जिथे पावसाचा थेंब पडला नाही त्या जॉर्जियात भाव चढले. डॅलसला तर साठा असूनही लोकांनी रांगा लावून पंप रिकामे केले. देशभरात गॅलनचा सरासरी भाव एका आठवड्यात २.४० डॉलरवरून २.६८ वर गेला. कॅटरिनात तो २.६१ वरून ३.०७ झाला होता.

मग युरोपातलं पेट्रोल जहाजांनी अमेरिकेकडे वळलं. अमेरिकेकडून एरवी पेट्रोल घेणारा मेक्सिको दुसरीकडे शोधायला लागला. जगाच्या बाजारात पेट्रोल महाग झालं. आणि भारतातल्या तेल कंपन्या पंपावरचा भाव ठरवताना त्या बाजारातल्या पेट्रोलचाच भाव धरतात, माहुलला किंवा जामनगरला गाळायला किती खर्च आला तो नव्हे. त्यात जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागले होते. म्हणून टेक्ससातला पाऊस डोंबिवलीच्या पंपावर पंधरवड्यात दिसला.

पण भाऊजी, मंत्र्यांनी अर्धंच सांगितलं. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात अबकारी कर नऊ वेळा वाढवला होता. वादळाने काही पैसे चढवले असतील, पण तुमच्या ऐंशी रुपयांतला मोठा वाटा वादळाचा नव्हता. ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरात केंद्राने दोन रुपये कमी केलेच की, मग महाराष्ट्रानेही कर थोडा खाली आणला. हार्वी तेव्हा कधीच विरून गेलं होतं.

इथेही संशय पंपवाल्यावरच पहिला जातो. आमच्या कोपऱ्यावरचा पंप नवसारीच्या एका गृहस्थांचा. लोक त्यांना तोंडावर लुटारू म्हणाले. ते मला म्हणाले, "बेन, भाव टँकरवाला सांगतो. मला गॅलनमागे सुटतात ते थोडे सेंट, बाकी माझं घर चिप्स आणि बिअरवर चालतं." भाव चढताना लिफ्टने चढतो आणि उतरताना जिन्याने, हे मात्र त्यांनी हसत कबूल केलं. तरी उतरतो. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर भाव पुन्हा अडीच डॉलरच्या आसपास होता. लोक विसरले.

मी विसरले नाही, आणि त्याचं कारण फार उदात्त नाही. हार्वीनंतर पाच महिने मी आठवड्याला सत्तर तास काम केलं. प्रत्येक टाकी, प्रत्येक भिजलेला पाइप तपासायचा होता आणि माणसं मिळत नव्हती. आमच्या घराचं डाउन पेमेंट त्या ओव्हरटाइममधून आलं. काम ज्या गावात, तिथल्या मोटेलात आम्ही बाहेरची कंत्राटी माणसं राहायचो, भाडं कंपनी भरायची. मोटेलवाल्याने दर दुप्पट केले तरी आमचं काही बिघडत नव्हतं. शेजारच्या वस्तीतल्या ज्यांची घरं बुडाली होती त्यांना मात्र खोली मिळत नव्हती. पोर्ट आर्थरला रिफायनरीच्या कुंपणाला लागून बहुतेक कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. कारखाना बंद करताना आणि सुरू करताना जास्तीचा वायू चिमणीवर जाळतात, तो धूरही त्यांच्याच खिडकीवर. एक बाई रोज सकाळी फुगलेला सोफा दारात ढकलत आणायच्या आणि संध्याकाळी परत आत न्यायच्या. नेणारी गाडी येईना आणि बाहेर ठेवला तर दंड होईल अशी भीती. मी गाडीतून रोज पाहायचे. एकदाही थांबले नाही.

त्यानंतर मी किनारा वेगळ्या नजरेने बघायला लागले. टेक्ससची हद्द ओलांडली की लुइझियानात कॅमेरन परगणा लागतो. दलदल, बगळे, कोळंबीच्या होड्या. २००० च्या जनगणनेत तिथे ९,९९१ माणसं होती. रीटा आलं, तीन वर्षांनी आइक आलं, आणि २०१० ला ६,८३९ उरली. २०२० ला ५,६१७. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉरा आलं, ताशी दीडशे मैलांच्या वाऱ्यानं, आणि सहा आठवड्यांनी डेल्टा. लॉराने पेट्रोलचा भाव जेमतेम हलवला, कोविडमुळे गाड्या घरीच उभ्या होत्या. बाजाराच्या लेखी ते किरकोळ वादळ.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी तिथे गेले होते. रस्त्याच्या कडेला काँक्रीटचे चौथरे, त्यावर पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर काहीच नाही. नवीन घर बांधायचं तर माणसाच्या दुप्पट उंचीच्या खांबांवर बांधावं लागतं. त्याला पैसे हवेत, आणि पैसे उभे करायला विमा हवा. लॉरा आणि २०२१ च्या आयडानंतर लुइझियानातल्या डझनभर विमा कंपन्या बुडाल्या. तेव्हा जे परतले ते ट्रेलरमध्ये राहत होते. धक्क्यासमोर मात्र नवाकोरा एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचा, प्रकल्प, पांढऱ्याशुभ्र टाक्या, भोवती उंच भिंत. मार्चमध्येच त्याचं पहिलं जहाज सुटलं होतं.

धक्क्यावर एक म्हातारा होडीवर जाळं शिवत बसला होता. इंग्रजीला फ्रेंच वळण. मी कोळंबी आहे का विचारलं. आहे म्हणाला, मग डिझेलवर बोलत सुटला. गॅलन पाच डॉलरच्या वर गेलंय, एक फेरी मारायची तर आधी हिशेब करावा लागतो. "मागे कारखाने, समोर गॅस," तो म्हणाला, "आणि माझ्या टाकीत घालायला मला परवडत नाही."

कुठली आहेस, विचारलं. मी भारत म्हटलं आणि उगीच उत्साहात सांगितलं की तुमच्याच परगण्यातल्या साबीन पासच्या गॅस प्रकल्पातून लांब मुदतीच्या कराराचं पहिलं जहाज २०१८ मध्ये दाभोळला लागलं, आणि माझं गाव तिथून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरही नाही. तिथेही वादळ आलं होतं, लॉराच्या आधी तीन महिने, निसर्ग नावाचं. आमच्या काकूंची पोफळीची अख्खी बाग आडवी झाली.

"पुन्हा लावली?"

"लावली. काकू त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. सुपारी धरायला अजून पाच-सहा वर्षं लागतील."

तो मान हलवत बर्फात फावडं घालत राहिला. मग एकदम थांबला. "भारत म्हणालीस ना? म्हणजे स्वस्त कोळंबी पाठवून माझा भाव पाडणारे ते तुम्हीच."

खोटं नव्हतं. अमेरिकेत तेव्हा सगळ्यात जास्त कोळंबी भारतातूनच यायची. ती आमच्या कोकणातून नाही, आंध्रातून येते, असं मी म्हणणार होते, पण ते त्याला सांगून काय उपयोग. मी पाच पौंड घेतली. पैसे त्याने पूर्ण घेतले.