सीडी-फोर १४२ आला, त्यानंतरचे सहा महिने

आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीच्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्यावर एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रात नाव नोंदवलं आणि सीडी-फोरसाठी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी मोजायला, जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त दिलं. ही नळी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. मशीनवर लावायला फार उशीर झाला तर रक्त पुन्हा द्यावं लागतं.

एक घन मिलिमीटर रक्तात आकडा आला १४२. निरोगी माणसात तो साधारण ५०० ते १५०० असतो. गोळ्या सुरू करायला आता या आकड्याची वाट बघत नाहीत. २०१७ पासून भारतात सीडी-फोर कितीही असो, एआरटी देतात. तरी तो मोजायचा, कारण २०० च्या खाली असेल तर अंगात दुसरं काही दडलंय का, हे आधी बघावं लागतं. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, हे चार प्रश्न टीबीसाठी असतात. संध्याकाळची बारीक कणकणसुद्धा सांगाच. माझी थुंकी टीबीच्या सीबीनॅट तपासणीला गेली आणि क्रिप्टोकोकस या बुरशीसाठी रक्ताची वेगळी तपासणी झाली. ही बुरशी मेंदूच्या आवरणात असताना एआरटी घाईने सुरू केली, तर जागी होणारी प्रतिकारशक्तीच तिथं सूज वाढवते आणि जीवावर बेततं. म्हणून आधी बुरशीचं औषध, एआरटी चार ते सहा आठवड्यांनी. टीबी निघाला तर रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे डोलुटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध कमी पडतं, म्हणून त्याची ५० मिग्रॅची जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते.

माझ्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. टीएलडीची (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर एकत्र) रोज एक गोळी सुरू झाली, सोबत इतर संसर्ग टाळायला सेप्ट्रान ही अँटिबायोटिक गोळी. सेप्ट्राननं अंगावर पुरळ उठलं तर थेट केंद्रात जायचं. अ‍ॅसिडिटीचं अँटासिड (अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम असलेलं) घ्यायचंच असेल तर टीएलडीनंतर दोन तासांनी, किंवा टीएलडीच्या सहा तास आधी. नाहीतर डोलुटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही. मेडिकलवाला हे विचारत नाही, आपणच सांगायचं. रात्री झोप उडायला लागली म्हणून विचारून गोळी सकाळी घ्यायला लागलो.

सहा महिन्यांनी सीडी-फोर २३१. खूप कमी वाटला, पण डॉक्टरांनी आधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, पाहिला. त्यात विषाणू सापडला नव्हता, म्हणजे गोळ्या लागू पडत होत्या. सीडी-फोर सावकाश चढतो आणि साध्या तापानंही खाली-वर होतो. १४२ आणि १६० यांत फरक शोधू नये. सेप्ट्रान मात्र चालूच आहे. सीडी-फोर सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा ३५० च्या वर आला की ती बंद करायचं डॉक्टर ठरवतील.