वाघिणीतले वाघ

अण्णा मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर कारकून होते. रेल्वेच्या मराठीत मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, त्यामुळे सर्कस आली की त्यांचा एक ठरलेला विनोद असे, "आज वाघिणीत खरंच वाघ आहे, लांब राहा." पुण्याकडून ब्रॉडगेजने, म्हणजे रुंद रुळांवरून, आलेली सर्कस बेळगाव-हुबळीला जायची असेल तर सगळं बिऱ्हाड मिरजेत उतरवून मीटरगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या, गाडीत चढवावं लागे. तंबूचे खांब, पिंजरे, भांडीकुंडी, सगळंच. हत्ती मात्र स्वतःच चालत एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायचे. आठ वर्षांची मी धक्क्यावर पोत्यांवर बसून ते बघायचे. खेळाचं तिकीट अण्णा क्वचितच काढत, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. खरा खेळ मी आधीच बघितलेला असायचा.

लग्नानंतर न्यूयॉर्कला आले ते शहराच्या क्वीन्स भागात. तिथे एका मार्चमध्ये, मध्यरात्रीच्या सुमारास, लेकाला स्वेटरवर स्वेटर चढवून बोगद्याच्या तोंडाशी घेऊन गेले. रिंगलिंग ब्रदर्स या अमेरिकन सर्कशीची गाडी क्वीन्समध्ये उभी राही आणि हत्ती क्वीन्स-मिडटाउन बोगद्यातून पायी मॅनहॅटनला जात. पुढच्याची शेपटी मागच्याच्या सोंडेत, आणि सगळ्यांच्या मागे झाडू-फावडी घेतलेली माणसं. लेकाला ती झाडूवालीच जास्त आवडली. माझाच मुलगा!

त्या गाडीला साठेक डबे, लांबी मैलभर. 1940 च्या दशकात तर ही सर्कस शंभराच्या आसपास डबे घेऊन फिरे. आपल्या पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबट्यांचे खेळ करत याच सर्कशीबरोबर अमेरिका फिरले. कलाकारांची घरं डब्यांतच, मुलं तिथेच वाढायची, खायला 'पाय कार' नावाचा डबा. सामानाच्या गाड्या सपाट वाघिणींवर चढवताना दोन वाघिणींमध्ये लोखंडी फळ्या टाकत आणि एका टोकाने चढवलेली गाडी पार दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेत. म्हणजे आधी काय उतरणार, हा हिशेब चढवतानाच डोक्यात हवा. अण्णांना हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून नुसतं "वा!" आलं.

2016 च्या मे महिन्यात हत्ती फ्लोरिडाला निवृत्त झाले. बरंच झालं. हत्तीला स्टुलावर बसवण्यात मला कधीच गंमत वाटली नाही, आणि आपल्याकडे 1998 च्या अधिसूचनेने वाघ-सिंह-अस्वलं-माकडं रिंगणातून काढली तेही योग्यच होतं. पण हत्ती गेल्यावर तिकीटविक्री पडली. तोवर कोर्टकचेऱ्यांत बराच पैसा गेला होता, आणि एवढी मोठी गाडी शहरोशहरी हलवायचा खर्च तर होताच. 21 मे 2017 ला लाँग आयलंडवर युनियनडेलला शेवटचा खेळ झाला. तिकीट काढून गेले. माणसं रडत होती. मला रडू आलं नाही. खेळ संपल्यावर रिकामी गाडी कुठे जाणार, हेच डोक्यात. पुढे डबे विकले गेले. काही नॉर्थ कॅरोलिनाच्या परिवहन खात्याने घेतले.

2023 मध्ये ही सर्कस पुन्हा सुरू झाली. प्राणी नाहीत, गाडीही नाही. सामान ट्रकने जातं, कलाकार हॉटेलात उतरतात. आमच्याकडच्या सर्कशी तर कधीच ट्रकवर आल्या. म्हैसाळच्या देवलांची सर्कस ज्या भागातून निघाली, त्या मिरजेच्या धक्क्यावर आता सर्कशीचं सामान उतरत नाही.

गेल्या रविवारी अण्णांना ही हॉटेलची गोष्ट सांगितली. ते आता पंच्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

"मग रात्री पावती कोण फाडतं?" म्हणाले.