जुनी ‘जनता’ घरपोच

माझं मनगट बारीक आहे. दुकानात बायकांसाठी म्हणून जी घड्याळं पुढे येतात त्यांवर खडे तरी असतात नाहीतर फुलं, आणि पुरुषांचं 42 मिलिमीटरचं घालून बघितलं की त्याच्या कडा मनगटाबाहेर येतात. एचएमटीची ‘जनता’ 35 मिलिमीटरची, चावीची, बिनबॅटरीची, हे कळलं आणि माझं ठरलं. बजेट तीन हजार. ठाण्यात बसून, फोनवरून घ्यायचं.

एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला. पुढे कितीतरी वर्षं नोकरी लागली, लग्न ठरलं की मनगटावर एचएमटी चढायचं. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे जुना माल देशभर घराघरांत पडलेला, आणि तो मूळचा माल आता वाढणार नाही. अशा ठिकाणी कारागिरी सुरू होते, आणि ती कारागिरी ओळखणं हेच या खरेदीतलं खरं काम.

‘जनता’ शोधलं की स्क्रीनवर रंगपंचमी. फिरोजी डायल, नारिंगी डायल, तिरंगा, सैन्याचं चिन्ह, सगळं झगमगीत आणि सगळ्याखाली ‘ओरिजिनल, सर्व्हिस केलेलं’. हे रीडायल असतात: जुनी डायल घासून काढायची, नवा रंग द्यायचा, वर अक्षरं छापायची. आपल्याकडच्या जुन्या स्विस घड्याळांवरही हाच प्रयोग इतका झालाय की परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. रंगवलेली डायल आवडली तर खुशाल घ्यावी, त्यात पाप नाही. पण मग तो रंगवलेला माल आहे असं सांगून त्या भावात द्यावा. चाळीस वर्षं कोणाच्या तरी घामात, पावसात वावरलेलं घड्याळ कालच छापल्यासारखं दिसत असेल तर माझा तरी विश्वास बसत नाही.

फोटो मोठा करून बघायची सवय लागली. अक्षरांच्या कडा फुटलेल्या आहेत का? मिनिटांच्या बारीक रेघा तासांच्या खुणांशी नीट जुळतात का, की एखादी शेजारी सरकलीय? ‘17 ज्वेल्स’ (म्हणजे आतली चाकं ज्यांत फिरतात ते खडे) आणि ‘पॅराशॉक’ ही अक्षरं एका जाडीची आहेत का? (पॅराशॉक ही सिटिझनची धक्क्यापासून संरक्षणाची रचना, घड्याळ पडलं तर बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, नाजूक टोकांना मार बसू नये म्हणून.) आणि काटे: डायल पिवळी पडलेली पण काटे कोरे चकचकीत, म्हणजे काटे दुसऱ्याच घड्याळाचे. रात्री झोपताना मी हे बघत बसायचे आणि नवरा विचारायचा, “अजून जनता दरबार चालू आहे का?”

विक्रेत्यांना मी एकच निरोप पाठवायचे: मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो, चावीच्या बाजूने एक फोटो, आणि चालू घड्याळाचा आवाजासकट व्हिडिओ. निम्मे तिथेच गळायचे. एकाने लिहिलं, “सर, पुराना माल है, भरोसा रखिए.” मी मॅडम आहे हे कळल्यावर तो मला लेडीज घड्याळं दाखवायला लागला! शेवटी उत्तरेकडचा एक जण भेटला, त्याने निमूटपणे झाकण उघडलं आणि फोटो पाठवला. मशीनवर एचएमटीचा शिक्का, 0231 हा क्रमांक, गंज नाही, स्क्रूंच्या खाचा फारशा झिजलेल्या नाहीत. डायल सायीच्या रंगाची झालेली, चारच्या आकड्यापाशी एक तपकिरी ठिपका, काचेवर ओरखडे. तो ठिपका बघून मला बरं वाटलं. ठिपका कोणी मुद्दाम छापत नाही.

तो 2600 म्हणाला, मी 1900, आणि कुरिअर धरून 2200 ला ठरलं. सगळे पैसे थेट यूपीआयने आधी पाठवा म्हणाला, त्याला मी नाही म्हटलं. परतीची सोय असलेल्या साइटवरूनच पैसे जातील हे सांगितलं. थोडी कुरकुर करून तयार झाला. पार्सल आलं तेव्हा खोकं फोडण्यापासून घड्याळ कानाला लावेपर्यंत एकसलग व्हिडिओ काढला. भांडायची वेळ आलीच तर हाच कामाला येतो. सासूबाईंनी घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, “ह्यांचं असंच होतं. रद्दीबरोबर गेलं. आणि तू हे पैसे देऊन आणलंस?”

घड्याळ चालत होतं, पण जरा जास्तच उत्साहात. दिवसाला पाच-सहा मिनिटं पुढे. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत एक घड्याळवाले काका बसतात, कपाटाएवढं दुकान. त्यांनी घड्याळाजवळ एक छोटं होकायंत्र नेलं, सुई हलली. “ताई, चुंबक लागलाय. पर्सचं बटन, मोबाईलचा स्पीकर, कशानेही लागतो.” हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते, बॅलन्स भराभर हलतो आणि घड्याळ पळतं. एका छोट्या यंत्रावर ठेवून, बटण दाबून ते हळूहळू वर उचललं, चुंबक उतरला.

पण काकांनी तिथेच थांबू दिलं नाही. एक छोटा माईक असलेलं मशीन त्यांच्याकडे आहे, ते घड्याळाचे ठोके ऐकून पडद्यावर रेघ काढतं. ‘जनता’चं मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे तासाला 18,000. माझी रेघ तिरकी होतीच, वर बॅलन्सचा झोकाही जेमतेम 200 अंश. तेल सुकलेलं. विक्रेत्याचं ‘सर्व्हिस केलेलं’ म्हणजे बाहेरून पुसलेलं एवढंच असतं, असं काका म्हणाले, आणि मला ते पटलं. सगळं मशीन सोडवून पेट्रोलमध्ये धुतलं, ज्वेल्समध्ये टिपकाभर तेल, काच पॉलिश. 600 रुपये. परत दिलं तेव्हा झोका 260 च्या पुढे होता. म्हणजे घड्याळाची किंमत 2200 नव्हे, 2800. जुनं घेणाऱ्याने सर्व्हिसिंग पहिल्यापासूनच हिशेबात धरावं.

चावी मात्र मूळची नाही, हे काकांनी भिंगातून बघून सांगितलं. दुसऱ्या कुठल्यातरी एचएमटीची बसवलेली आहे. बदलून देऊ का म्हणाले. मी राहू दे म्हटलं. चावी चांगली पकडीत येते, आणि मला हे म्युझियममध्ये ठेवायचं नाही, ऐरोलीला ऑफिसला घालून जायचंय.

पट्टा 18 मिलिमीटरचा लागतो. स्टेशनजवळ साधा तपकिरी चामड्याचा घेतला, 250 ला. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत, हातातून काढून, चावी देते. अडलं की थांबायचं, जोर लावायचा नाही. दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं, ते रविवारी मिळवून घेते. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ते घरीच राहणार, कारण जुन्या झाकणाच्या भरवशावर ठाण्याच्या पावसात जायची माझी तयारी नाही. तेवढ्या महिन्यांसाठी आता फावर-ल्युबा या स्विस कंपनीचं एक जुनं ‘सी किंग’ बघितलंय. तेही पाणी सोसेल असं नाही, हे मला माहीत आहे. झाकण उघडून फोटो मागितलाय.