आमची वाटचाल : वावरातला फोन आणि घरातला फोन

फवारणी, ओलीत, खतांच्या मात्रा आणि बहार धरण्यासाठी बागेला द्यायचा ताण यांच्या नोंदी ठेवणारे मोबाइल कॅलेंडर आमची चार जणांची संस्था वरुड तालुक्यातील संत्रा बागायतदारांसाठी तयार करते. सुरुवातीला नोंद ज्या फोनवर केली त्याच फोनवर राहत असे. पण बागेचे काम एकट्याचे नसते. वडील वावरात, मुलगा अमरावतीला आणि औषधांचा हिशेब आईकडे, त्यामुळे तिघांनाही एकच नोंदवही दिसावी ही मागणी रास्तच होती.

काम महिनाभराचे समजून हाती घेतले आणि त्याला दोन हंगाम लागले. ज्या बदलाची वेळ नंतरची तो खरा, असा सोपा नियम आम्ही आधी केला होता. एका घरात मुलाच्या फोनचे घड्याळ एक दिवस पुढे होते. पावसाचे चिन्ह पाहून वडिलांनी पुढे ढकललेली तारीख मुलाच्या जुन्या नोंदीने पुसली, मजुरांनी रविवारीच फवारणी केली आणि सायंकाळच्या पावसात औषध धुऊन गेले. “भाऊ, म्या तं फवारणी बुधवारवर टाकली होती,” हे त्यांचे शब्द मी विसरू शकत नाही. ती चूक सर्वस्वी आमची होती.

त्यानंतर फोनच्या घड्याळावर विसंबणे आम्ही सोडले आणि २००७ साली प्रसिद्ध झालेले कॅलडॅव्ह हे कॅलेंडरच्या नोंदी अनेक फोनवर जुळवून ठेवण्याचे खुले मानक स्वीकारले. त्यात सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारा मध्यवर्ती संगणक, प्रत्येक नोंदीला ईटॅग नावाची खूण देतो आणि नोंद बदलली की खूणही बदलते. वावरात रेंज नसताना केलेला बदल घरी आल्यावर जुन्या खुणेसह पोहोचला, तर सर्व्हर ४१२ हा संकेत देऊन तो नाकारतो. अशा वेळी आमचे अ‍ॅप दोन्ही तारखा मोठ्या अक्षरांत दाखवून कोणती ठेवायची ते विचारते. हा निर्णय यंत्राने परस्पर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तारखांचाही एक घोळ निघाला. दुबईला नोकरी करणाऱ्या एका मुलाला १५ तारखेची नोंद १४ तारखेला दिसे, कारण आपली मध्यरात्र म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे साडेदहा. दिवसभराच्या कामाला आता आम्ही वेळ जोडतच नाही, केवळ तारीख साठवतो. पुसलेल्या नोंदीचीही खूण ठेवावी लागते, नाहीतर महिनाभर बंद असलेला फोन ती पुन्हा जिवंत करतो. सध्या आमचे काम त्यावरच चालू आहे.