नेपतीच्या झुडपातले मोहोळ: मार्चमधला माणदेश

मोगराळ्याचा घाट चढून वर आले, फलटणचा उसाचा हिरवा पट्टा मागे पडला आणि दहिवडीच्या दिशेने उघडी माळराने सुरू झाली, तेव्हा मार्च निम्मा सरला होता आणि सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी गाडीच्या काचेला हात लावला की चटका बसत होता. ज्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरात, वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला, माण तालुक्यात, सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही दरवर्षी पडेलच याची खात्री नसते. महाबळेश्वरचा मध सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाल्याचेही पुष्कळांनी वाचले असेल. मी मात्र निघाले होते ती जिल्ह्याच्या कोरड्या बाजूचा मध पाहायला, कारण जिथे माणसांना प्यायला टँकर लागतात तिथे माशी मकरंद आणते तरी कुठून, हा प्रश्न कित्येक दिवस माझ्या मनात घोळत होता.

गोंदवले मागे टाकून म्हसवडच्या अलीकडे एका वस्तीवर ओळखीचे शेतकरी राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणते. एक एकर कांद्याचे बीजोत्पादन, थोडी करडई, बाकी ज्वारी आणि मधमाश्यांच्या वीस पेट्या असा त्यांचा संसार आहे. चहाचा कप हातात येण्याआधीच ते म्हणाले, “ताई, आधी कांदा बघून घ्या, मोहोळ नंतर. ऊन चढलं की माशी कांद्यावरनं उठती.”

बियाण्याचा कांदा फुललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला. कमरेइतक्या उंच, पोकळ दांड्यांच्या टोकाला पांढरे गोल गोंडे होते आणि एकेका गोंड्यात शेकडो इवली फुले होती. अण्णांनी एक गोंडा वाकवून माझ्यासमोर धरला. काही फुलांत सहाही पुंकेसर बाहेर येऊन पिवळसर झाले होते, पण मधली दांडी अजून आखूड होती. शेजारच्या फुलात पुंकेसर सुकले होते आणि आता ती दांडी लांब होऊन पराग घ्यायला तयार झाली होती. एकाच फुलात पराग आधी सांडतो आणि स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो, त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावाच लागतो. ते काम इथे प्रामुख्याने माशी करते. मात्र माशीला कांदा मनापासून आवडतो असे नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते आणि दुसरे चांगले फूल हाताशी असले की ती तिकडे वळते. “शेजाऱ्यानं धने केलं आन् ते फुललं, की आमच्या पेट्यांची माशी त्याच्या रानात,” हे अण्णांनी सांगितले ते तक्रारीच्या सुरात नव्हे, तर कुणाची तरी सवय सांगावी तसे. म्हणूनच पेट्या फार आधी आणून ठेवायच्या नाहीत, कांदा थोडा फुलला की मगच आणायच्या, हे ते अनुभवाने शिकले आहेत.

पेट्यांतली माशी मेलिफेरा, म्हणजे युरोपातून आलेली. भारतात ती १९६०च्या दशकात हिमाचल-पंजाबकडे रुजली आणि मग देशभर पसरली. आपली सातेरी डोंगरझाडीत बरी राहते. इथल्या उन्हात पेटीत टिकवायला ती कठीण जाते, असा अण्णांचा अनुभव आहे. मेलिफेरालाही हे ऊन सोपे नाही. पोळ्यातली अंडी-अळ्या ज्या भागात असतात तिथले तापमान माश्यांना ३४-३५ अंशांच्या आसपास राखावे लागते, आणि बाहेर पारा चाळिशीकडे सरकू लागला की त्या मकरंद सोडून पाण्याच्या मागे लागतात. विहिरीजवळच्या हौदाच्या काठावर वहिनींनी ओले गोणपाट अंथरून ठेवले होते. त्या ओल्या तंतूंवर माश्यांची रांगच लागली होती. प्रत्येक माशी सोंड लावून पोट भरून घ्यायची आणि जड होऊन, जरा तिरकी, पेटीकडे निघायची. पेटीच्या दारात दुसऱ्या माश्या पाय रोवून एकाच दिशेने पंख हलवत होत्या. मी तिथे हात धरला तर बोटांना दमट, मेणाचा वास असलेला वारा लागला. पाण्याचे थेंब आत पसरायचे आणि वारा घालून ते उडवायचे, अशी त्यांची घर थंड ठेवण्याची रीत आहे. वहिनी ते गोणपाट दिवसातून तीन वेळा भिजवतात. पाण्याची इतकी टंचाई असलेल्या घरात हे पाणी कोणाला जड वाटत नाही, हे मला फार मोलाचे वाटले.

पण ज्यासाठी मी गेले होते ते दुपारनंतर दिसले. शेताच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठाने, नेपतीची झुडपे आहेत. नेपतीला पाने जवळजवळ नसतातच. हिरव्या काटेरी फांद्यांचा नुसता गुंता असतो आणि मार्चमध्ये त्या गुंत्यावर विटकरी-लाल फुले येतात. कोणी ती मुद्दाम लावत नाही. अण्णांनी एका झुडपाच्या आत बोट दाखवले. आधी मला काहीच दिसले नाही. मग तपकिरी सालीसारखे वाटणारे काहीतरी हलले आणि तो फुलोरी या लहान रानटी मधमाश्यांचा पडदा आहे हे लक्षात आले.

फुलोरीचे पोळे तळहाताएवढे होते, एकाच फांदीला लोंबणारे आणि उघड्यावरचे. माश्या एकमेकींना धरून त्याच्यावर थरावर थर अंगरख्यासारख्या बसतात आणि ऊन, वारा, थंडी यांपासून ते झाकतात. मी जरा जवळ वाकले तेव्हा सगळ्या पडद्यातून एकदम सळसळ उठली, फुत्कारासारखी, आणि पुन्हा शांत झाली. पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाचे कडे होते. मुंग्या पोळ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून माश्या ते लावतात. फांदीभोवतीचा वरचा भाग जाड आणि फुगीर होता. मध तिथे साठवलेला असतो, तर खालच्या पातळ भागात पिल्ले वाढतात. आणि त्या वरच्या फुगीर माथ्यावर एक माशी नाचत होती. पोट हलवत थोडे सरळ जायचे, वळायचे, पुन्हा त्याच रेषेवर यायचे. फुले कुठे आहेत हे माशी या नाचातून सोबतिणींना सांगते. अंधाऱ्या पेटीतली माशी उभ्या पोळ्यावर नाचते, म्हणून सूर्याच्या मानाने फुलांची दिशा तिला वर-खालच्या भाषेत बदलून सांगावी लागते. माश्यांच्या नाचाचा हा अर्थ उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. फुलोरी मात्र आडव्या माथ्यावर, उघड्या आभाळाखाली, फुले जिकडे असतील तिकडेच थेट तोंड करून नाचते. ती माशी ज्या रेषेवर चालली होती त्या रेषेत मी मान वळवली, तर समोर बांधावरचा कडुनिंब होता आणि त्याला नुकता मोहोर आला होता. तिथूनच ती आली होती असे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण त्या क्षणी मला दुसरे काही सुचले नाही.

पलीकडच्या झुडपात एक रिकामे पोळे होते. त्यावर पाच-सहा माश्या मेण कुरतडत होत्या. फुलोरी घर सोडून जवळच कुठे नवे बांधते तेव्हा जुन्या पोळ्याचे मेण अशी परत नेते, कारण मेण करायला तिला मध खर्च करावा लागतो.

तिथेच ओढ्याच्या काठी बसून अण्णांनी मला वर्षाचा हिशेब सांगितला. पाऊस झाला की कारळे, मग हिवर आणि बोर. थंडीत तूर आणि करडई, परागासाठी ज्वारीची कणसे. नंतर कांदा, कडुनिंब, नेपती, करंज. पिकांची नावे या यादीत आहेत खरी, पण एक पीक सरून दुसरे फुलेपर्यंत जी खिंडारे पडतात ती सगळी बांधावरची आणि ओढ्याकाठची झाडे भरून काढतात. वेडी बाभूळही त्यातच येते. ती परदेशातून आली, गवताला वाढू देत नाही, मेंढपाळांना तिचा काटा नकोसा होतो आणि ते सगळे खरेच आहे. तरी ऐन उन्हाळ्यात तिच्या पिवळ्या तुऱ्यांवर माश्या दाटलेल्या असतात, हेही तितकेच खरे आहे. जवळच्या एका शेतात गेल्या वर्षी जेसीबी लावून बांध सपाट केला आणि उरलेल्या झुडपांवर तणनाशक मारले. त्याच हंगामात कोणीतरी भर सकाळी, फुलोऱ्यात, कीटकनाशक फवारले आणि अण्णांच्या चार पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला. “संध्याकाळी मारलं असतं तर वाचल्या असत्या,” एवढेच ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मला राग आला होता आणि आजही तो गेलेला नाही. बांध हा आपण वाया गेलेला तुकडा समजतो. माशीच्या दृष्टीने या मुलखातले खरे बारमाही रान तेवढेच आहे.

संध्याकाळी वहिनींनी वाटीत दोन मध दिले. पेटीतला मध रवाळ, जवळजवळ तुपासारखा थिजलेला होता. शहरात असा मध दिसला की साखर घातली म्हणून परत करतात, पण ग्लुकोज जास्त असलेला शुद्ध मधही असाच थिजतो; बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. दुसरा मध फुलोरीचा, पातळ आणि किंचित आंबूस होता. तो काढताना अण्णा पोळ्याचा फक्त वरचा फुगीर भाग घेतात आणि पिल्लांचा भाग सुतळीने पुन्हा फांदीला बांधतात. माश्या पुष्कळदा तिथेच राहतात.

तिसऱ्या दिवशी कांदा सरत आला होता आणि पेट्या सांगोल्याकडे, आंबे बहारातल्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणाऱ्या, डाळिंबात न्यायच्या होत्या. पेट्या रात्रीच हलवतात, कारण तेव्हा सगळ्या माश्या घरी असतात आणि गारवाही असतो. दिवस पुरता मावळल्यावर अण्णांनी एकेका पेटीचे दार जाळीने बंद केले, दोरखंड आवळले आणि टेम्पो निघाला. रस्त्यात गाडी थांबली की मागून एकसारखा गुणगुणाट ऐकू यायचा. पहाटे डाळिंबाच्या बागेत पेट्या मांडल्या. लाल फुलांत काही घंटेसारखी, म्हणजे नर, आणि काही खाली सुरईसारखी फुगीर होती. फळ त्या दुसऱ्यांनाच धरते. उजाडताच अण्णांनी पहिली जाळी काढली. बाहेर आलेली माशी उडून गेली नाही. ती पेटीकडे तोंड करून हवेत डावी-उजवीकडे हेलकावत राहिली, हळूहळू मोठे अर्धवर्तुळ काढत मागे सरकली, नव्या जागेची खूण पक्की केली, आणि मग डाळिंबाच्या ओळींवरून दिसेनाशी झाली.